बाबावाक्यं प्रमाणम्

चि. मनूस,

तुझ्या होस्टेलवरचा वाद वाचला. मैत्रीण म्हणाली, आमचा ग्रंथ खरा, कारण तो देवाचा शब्द आहे. देवाचा कशावरून? तर ग्रंथातच तसं लिहिलंय. तू हसलीस. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे काय वेगळं आहे?" तेव्हा तुला अथर्वशीर्ष आठवलं आणि तू गप्प झालीस. आता मला विचारतेस, आपल्याकडे पोथी खरी मानतात ती कशाच्या जोरावर?

आधी अथर्वशीर्षाचंच बघू. २१ आवर्तनं करताना फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला म्हणतात. लहानपणी तुला हा नियम फार आवडायचा, लवकर सुटका व्हायची ना! त्याच फलश्रुतीत आहे की दूर्वांनी पूजा करणारा कुबेरासारखा होतो. म्हणजे पोथीच पोथीची हमी देते. आजी जन्मभर दूर्वा वाहतेय आणि अजून पेन्शनीवरच आहे. तिला हे सांगितलंस तर तीच आधी हसेल. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या शास्त्रात, अशा वाक्यांना अर्थवाद म्हणतात. कर्माकडे मन वळावं म्हणून केलेली ती स्तुती, शब्दशः धरायची नाही.

तू मैत्रिणीची जी चूक पकडलीस तिला आपल्या शास्त्रात जुनं नाव आहे, अन्योन्याश्रय. ग्रंथाला देवाचा आधार, देवाला ग्रंथाचा. मधे तिसरा आला की चक्रक, आणि स्वतःच स्वतःचा आधार झाला की आत्माश्रय. नावं पडली, म्हणजे ही चूक आपल्याकडेही भरपूर होत असणार!

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, तर आक्षेप सरळ मांडलाय: वेदात असत्य, विसंगती आणि पुनरुक्ती आहे, तेव्हा तो प्रमाण नाही. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतो पुत्रकामेष्टीचं. यज्ञ केला, मुलगा झाला नाही. यावर उत्तर असं, की कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही उणं राहिलं असेल. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. फळ मिळालं तर पोथी खरी, नाही मिळालं तर तू चुकलास. मग पोथी हरणार तरी कधी?

न्यायसूत्रांचंच दुसरं उत्तर बरं आहे. आयुर्वेदाचं म्हणणं गुण येतो का ते बघून पडताळता येतं; तसाच वेदही आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि विश्वासू माणसाचा शब्द म्हणून मानायचा. इथे निदान फेरा तुटतो, कारण पुरावा पोथीबाहेरून येतो. पण औषध कळतं म्हणून स्वर्गही कळत असेल, ही उडी मोठीच.

मीमांसकांचा पवित्रा निराळा. वेद अपौरुषेय, त्याला कर्ताच नाही, तेव्हा फसवणार कोण? शिवाय कुठलंही ज्ञान खोटं ठरेपर्यंत खरं धरायचं, नाहीतर पुराव्याला पुरावा, त्यालाही पुरावा, अशी अनवस्था होते. कॉलेजात असताना मला ही पळवाट वाटली होती. आता तितकी वाटत नाही. डोळ्यांना दिसलं ते खरं, हे तू तरी कशाने तपासतेस? बहुतेक वेळा पुन्हा डोळ्यांनीच. मात्र ही सवलत आपल्या पोथीला दिली की मैत्रिणीच्या ग्रंथालाही द्यावी लागते, आणि दोन्हींचं पटेनासं झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शंकराचार्यांनी गीताभाष्यात एक कुंपण घातलंय. अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, तिथे ग्रंथाने बोलायचं नाही. त्याचा अधिकार त्यापलीकडचा.

मैत्रिणीशी पुन्हा बोलशील तेव्हा एक मात्र कबूल कर. तिचा फेरा दाखवलास म्हणून तिचा ग्रंथ खोटा ठरला नाही. तिचं ते एक कारण बाद झालं, इतकंच.

आणि रात्री दहाच्या आत घरी यायचं, का, तर मी सांगतो म्हणून, यावर "बाबावाक्यं प्रमाणम्" म्हणत तू दार आपटायचीस, ते आठवतंय मला. तो अन्योन्याश्रय नव्हता. शुद्ध आत्माश्रय होता.

बाबा