ग्रे पॅरट फ्लॅटमध्ये पाळता येतो का? खर्च किती, आणि तो बोलायला कधी लागतो?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, सकाळी आठला घराला कुलूप, ते संध्याकाळी सातला उघडतं, आणि मुलाला बोलणारा पोपट हवाय. मग घेऊ नका. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुमच्या प्रश्नाने माझी जुनी खपली निघाली, म्हणून पुढचं लिहितोय.

आमचा बंड्या, हाही ग्रे पॅरटच, म्हणजे आफ्रिकेतला राखाडी पोपट, माझ्या दादाने 2015 साली त्याच्या मुलींसाठी आणला. पिल्लूच होतं, डोळे काळपट (पिवळे नंतर होतात), शेपटी लालभडक. बिल नाही, पायात ओळखीची कडी नाही. वर्ष-दीड वर्ष कौतुक झालं. मग दादाची बंगळुरूला बदली झाली आणि "सहा महिने सांभाळ रे" म्हणून पिंजरा डोंबिवलीला आमच्या हॉलमध्ये आला. ते सहा महिने अजून चालू आहेत.

आला तेव्हाच छातीवर रुपयाएवढी जागा उघडी होती. दादा म्हणाला, प्रवासाने झालं असेल. महिनाभरात पूर्ण छाती सोललेल्या कोंबडीसारखी. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं (कुत्र्या-मांजरांचे गल्लोगल्ली मिळतात, पक्ष्यांचे शोधावे लागतात). रोग काही नाही, पण कॅल्शियम कमी. जन्मभर नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला. पिसाची डीएनए तपासणी केली तर बंड्या मादी निघाला. दिसण्यावरून कळत नाही यांचं. नाव तेच ठेवलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "हा दिवसभर एकटा असायचा का?" मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्याकडे मस्त होता, तूच काहीतरी केलंस." हे वाक्य तो अजूनही प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत ऐकवतो.

आता पुरावा ऐका. हा पक्षी तुम्ही शिकवाल तेच बोलेल असं नाही. घरात जे तावातावाने बोललं जातं ते तो पटकन उचलतो. आमच्याकडे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, भरदुपारी, हुबेहूब दादाच्या आवाजात बंड्या ओरडला, "गप! टाकू का चादर?" आई भाजी निवडत होती, तिने दाराकडे बघितलं, खरंच दादा आला की काय म्हणून. पाठोपाठ वहिनीच्या आवाजात, "टाकाच हो." आमच्या घरात पिंजऱ्यावर टाकायला तेव्हा चादरच नव्हती! आणखी काय पुरावा हवा?

फरक पडला तो आईमुळे. ती मटार सोलायला बसली की चार शेंगा त्याच्या. मक्याचं कणीस, शेवग्याचा पाला, कागदाच्या पुडीत बांधलेला डाळिंबाचा दाणा. चोचीला काम मिळालं की छातीकडे लक्ष जात नाही. पिसं परत आली, सगळी नाहीत.

तुमचा खर्चाचा प्रश्न. पक्ष्याची किंमत दुकानदार सांगेल, मी त्यात पडत नाही. पण घरातले नॉनस्टिक तवे काढून टाका. असा तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. ॲव्होकॅडो, चॉकलेट बंद. पंख्यावर, टीव्हीवर पांढरी भुकटी बसते, ती त्याच्याच पिसांची, घरात कुणाला दमा असेल तर विषयच सोडा. चाळीस-पन्नास वर्षं जगतो, म्हणजे तुमच्या मुलाच्या लग्नातही असेल. कागदपत्रं नीट घ्या. साइटीस (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नुसार जानेवारी 2017 पासून जंगलातून पकडलेल्या ग्रे पॅरटच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे आणि 2024 च्या नियमांनुसार आपल्याकडे परिवेश या सरकारी पोर्टलवर अशा पक्ष्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीच्या वेळी मी दादाकडे बिल मागितलं तर तो हसला. आणि मग साधा हिरवा पोपटच आणतो म्हणाल, तर तो पाळणं बेकायदा आहे, घरोघरी दिसत असला तरी.

बोलायला साधारण वर्षाचा झाल्यावर लागतो. काही कधीच बोलत नाहीत. बंड्या आमच्या लिफ्टचं "कृपया दरवाजा बंद करें" पाचव्या दिवशी शिकला आणि "रामराम" अजून शिकतोय.

आजी-आजोबा घरात असतील आणि त्यांना मनापासून हौस असेल तर गोष्ट वेगळी, हे वरच लिहायला हवं होतं. आणि एक सांगूनच टाकतो. लॉकडाऊन उठल्यावर मी ऑफिसला जायला लागलो, त्यात आई दोन महिने मावशीकडे राहिली, तेव्हा बंड्याने पुन्हा पिसं उपटली होती. आमच्याच घरात. दादाला हे माहीत नाही.