शर्यतीची सायकल कर्ज काढून घ्यावी का?

पुण्याच्या एका ३८ वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे: पावसाळा संपल्यावर होणाऱ्या क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यतीच्या हौशी गटात त्यांना प्रथमच उतरायचे आहे. हाताशी सहा वर्षांची अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल सायकल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) आहे, पण मन २,८५,००० रुपयांच्या, कार्बन फायबरची फ्रेम असलेल्या सायकलवर गेले आहे. त्यासाठी १४ टक्के दराने दोन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यायचे आणि तेवढा काळ नऊ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठीची दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) थांबवायची, असा त्यांचा विचार आहे. पत्नीला तो पटलेला नाही. हाती येणारा पगार ९२,००० रुपये, गृहकर्जाचा हप्ता ३४,००० आणि घरखर्च ३६,००० रुपये आहे. अडीअडचणीसाठी १,६०,००० रुपयांची मुदत ठेव आहे आणि एप्रिलमध्ये दीड लाखाचा बोनस अपेक्षित आहे.

शर्यतीत आपण जरूर उतरावे; हे कर्ज मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कर्जाचा हप्ता सुमारे १३,७०० रुपये येईल आणि दोन वर्षांत ४३,००० रुपयांच्या आसपास व्याज जाईल. एसआयपी चालू ठेवली तर महिनाअखेरीस आपल्यापाशी १२,००० रुपयेच उरतात, म्हणजे हप्ता शिलकीत बसतच नाही आणि त्याचा भार मुलीच्या पैशांवर पडतो. थांबवलेल्या दोन वर्षांच्या एसआयपीवर वार्षिक १० टक्के परतावा गृहीत धरला (तो हमीचा नाही, हे वेगळे सांगायला नको), तर मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत ती रक्कम सुमारे ५ लाख ३० हजारांची झाली असती. सायकलची खरी किंमत ठरवताना हा आकडाही धरावा लागेल. पत्नींचा आक्षेप याच कारणाने असेल, तर त्यांचे गणित आपल्यापेक्षा पक्के आहे.

दुकानदाराने ‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते पुढे केले, तरी निष्कर्ष बदलत नाही. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बजावले आहे. रोखीने मिळू शकणारी सवलत आपण सोडतो आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी भरतो. सायकलींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा आपल्याला सांगितलेली किंमत नव्या दराने काढली आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे.

आता सायकलविषयी, कारण खर्चाचे समर्थन शेवटी वजनावर येऊन थांबते. आपण स्वतः ७८ किलोंचे, जुनी सायकल साडेचौदा किलोंची आणि नवी अकरा किलोंची, असे आपण लिहिले आहे. खड्या चढावर लागणारा वेळ ढोबळमानाने स्वार आणि सायकल यांच्या एकूण वजनाच्या प्रमाणात बदलतो, ९२.५ किलोंचे ८९ झाले तर फरक चार टक्क्यांच्याही किंचित आत राहतो, म्हणजे दहा मिनिटांच्या चढावर साधारण २०-२२ सेकंद. ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून असलेल्या क्रॉस-कंट्री प्रकारात, जिथे चार ते सहा किलोमीटरच्या वळसेदार मार्गाच्या फेऱ्या माराव्या लागतात, तिथे अव्वल खेळाडूंना हे सेकंद मोलाचे असतात. पहिल्याच शर्यतीत उतरणाऱ्याचे मात्र त्याहून कितीतरी जास्त सेकंद सुट्या दगडांच्या उतारावर ब्रेक दाबून धरण्यात जातात, आणि ते सरावानेच वाचतात.

जुन्या सायकलवर खर्च करताना एक सापळा टाळावा. स्प्रिंगचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) काढून महागडा, हवेच्या दाबावर चालणारा एअर फोर्क बसवण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. पण नव्या फोर्कची वर निमुळती होत जाणारी दांडी आणि रुंद अ‍ॅक्सल जुन्या फ्रेमला आणि चाकाला अनेकदा जुळत नाहीत. मग चाकही बदलावे लागते आणि पुढे सायकल विकताना यातले फारसे काही वसूल होत नाही. त्यापेक्षा चांगली पकड असलेले टायर, नवे ब्रेक पॅड, नवी चेन आणि गरज असेल तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच, घ्यावी. झिजलेली चेन कॅसेटचे दात खाते, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात चेन आणि पॅड दोन्ही लवकर संपतात.

या हंगामासाठी मी ४५,००० रुपयांची मर्यादा सुचवेन: दुरुस्ती व सुटे भाग १८,०००, हेल्मेट आणि हातमोजे ७,०००, दोन शर्यतींचे प्रवेशशुल्क आणि प्रवास १२,०००, तर उरलेले ८,००० अनपेक्षित मोडतोडीसाठी. चार महिन्यांच्या शिलकीत हे सगळे बसते. हिमाचलमधील एमटीबी हिमालयचे स्वप्न आपण पत्रात लिहिले आहे, पण ती अनेक दिवसांची टप्प्यांची शर्यत आहे आणि तिथे सायकल खोक्यात भरून नेण्यापासून सुट्ट्यांपर्यंत सारा हिशेब निराळा असतो. तिला यंदा हात लावू नये.

विम्याबद्दल आपण काही विचारलेले नाही, तरी पैसे भरण्याआधी हे पाहावेच. आरोग्य विम्यातील साहसी खेळांचे प्रमाणित अपवर्जन (भरपाईतून वगळण्याची अट) व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होते, त्यामुळे हौशी शर्यतीत हाड मोडले तर त्याच कारणाने दावा नाकारला जाऊ नये. वैयक्तिक अपघात विमा आणि मुदत विम्यासोबतचा अपघाती रायडर (मूळ विम्याला जोडलेले जादा संरक्षण) यांची भाषा मात्र बरीच कडक असते. शर्यतीतील सहभागच वगळलेला असू शकतो. तेव्हा कंपनीचा गट विमा धरून तिन्ही कागद वाचावेत आणि शंका असेल तिथे विमा कंपनीकडून ई-मेलवर लेखी उत्तर घ्यावे. खांद्याचे हाड मोडून महिनाभर घरी बसावे लागले, तर आपली मुदत ठेव किती पुरेल? गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७०,००० लागतात, म्हणजे सव्वादोन महिने.

म्हणून बोनसपैकी एक लाख रुपये या ठेवीत घालावेत. उरलेले पन्नास हजार सायकलसाठी वेगळे ठेवून त्यात दरमहा ६,००० रुपयांची आवर्ती ठेव जोडली, तर वर्षभरात सव्वा लाखाच्या आसपास जमतील, आणि शिलकीतले दुसरे ६,००० आकस्मिक निधीत जात राहतील. त्या सव्वा लाखात एअर फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक असलेली चांगली अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल कर्जाशिवाय येते, आणि दोन शर्यती पार केल्यावर आपल्याला नेमके काय हवे, हे दुकानदाराला आपण सांगू शकाल. तेव्हाही कार्बनच घ्यावीशी वाटली, तर पडझडीत फ्रेमला तडा गेल्यास वॉरंटी सहसा उपयोगी पडत नाही आणि ती बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, ही गोष्ट पुनर्विक्रीच्या अंदाजात धरावी. जुनी सायकल मात्र नवी दारात आल्याशिवाय विकू नये.