आधी अंदाज, मग ‘प्ले’

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात एकच संगणक आणि प्रोजेक्टर आहे. सूर्यमालेची सिम्युलेशन्स मुलं डोळे विस्फारून बघतात. पण आठवड्यानं विचारलं तर ‘चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे’ हेच उत्तर! काय बदलू?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, एकच पडदा असणं मला सोयीचं वाटतं. सगळा वर्ग एकाच गोष्टीवर वाद घालतो. बदलायचा तो क्रम.

‘फेट’ (PhET) या विज्ञान-सिम्युलेशन्सच्या संकेतस्थळावरचं ‘ग्रॅव्हिटी अँड ऑर्बिट्स’ मोफत आहे. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरू द्या, मधेच थांबवा आणि विचारा, ‘आत्ता गुरुत्वाकर्षण बंद केलं तर?’ प्रत्येकानं वहीत पुढचा मार्ग काढायचा. माझ्या वर्गात बरीच मुलं पृथ्वी सूर्यापासून थेट बाहेर फेकतात, काही ती सूर्यात पाडतात. मग बटण दाबा. पृथ्वी त्या क्षणी जिकडे चालली होती तिकडेच सरळ रेषेत निघून जाते. इथे लगेच समजावायला जाऊ नका. ‘असं का?’ मुलांकडूनच येऊ द्या; येतंच.

सावलीचा समज मात्र चिवट आहे. त्यासाठी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, तेही मोफत. शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ लावा. सूर्य पश्चिमेला मावळतोय आणि अर्धा चंद्र डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेजवळ, सूर्यापासून सुमारे 90 अंशांवर. आता विचारा, पृथ्वीची सावली कुठे पडेल? सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेकडे. चंद्र तर तिथे नाहीच! त्यानंतर खोलीत अंधार करून एक दिवा लावा आणि प्रत्येकाला हातात चेंडू धरून स्वतःभोवती फिरू द्या. ही पायरी गाळू नका. पडद्यावर कला दिसतात, पण आपण मधे उभे आहोत हे चेंडू धरल्यावरच कळतं.

आणखी एक, माझ्या फार जिव्हाळ्याचं. प्रत्येक सिम्युलेशननंतर ‘यात खोटं काय दाखवलंय?’ हे विचाराच. बहुतेक चित्रांत चंद्र पृथ्वीला खेटून असतो. खरं अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर. मधे जवळपास तीस पृथ्व्या ओळीनं मावतील. वर सांगितलेल्या फेटमध्ये खऱ्या प्रमाणातलं दृश्यही आहे, दोन्ही लागोपाठ दाखवा.

चाचणीत ‘कारणे द्या’ नको. सूर्य, पृथ्वी, चंद्राच्या जागा द्या आणि दिसणारी कोर काढायला सांगा.