तुम्ही विचारा : पंचविशीतला फ्रेंच पाहुणा आणि आपली एजीएम

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की अमेरिकेची लोकशाही समजून घ्यायची तर अजूनही एका फ्रेंच माणसाचं जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक काढावं लागतं. तेवढ्यावर ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंत पत्रं! मधुमेह आणि मुलांचा स्क्रीनटाइम हे आपले नेहमीचे दोन विषय या वेळी मागे पडले म्हणजे कमालच आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पाच घेतेय.

प्रश्न : ताई, मुलगी एफवायबीएला आहे, पॉलिटिकल सायन्स घेतलंय, मॅडमनी हा तॉकव्हिल वाचायला सांगितलाय. मला एक कळत नाही, पंचवीस वर्षांचा पोरगा परक्या देशात नऊ महिने फिरतो काय आणि एवढा मोठा ग्रंथ लिहितो काय. मी ऐरोलीत बावीस वर्षं राहतोय, मला आमच्या सेक्टरचं राजकारण अजून कळलेलं नाही.
— एक बाबा, ऐरोली

उत्तर : दादा, बावीस वर्षं राहताय म्हणूनच कळत नाही. सासरी नव्याने आलेल्या मुलीला आठ दिवसांत कळतं की या घरात खरा शब्द कुणाचा चालतो, घरातल्यांना ते कधी दिसतच नाही. तसंच आहे हे.

अलेक्सी द तॉकव्हिल. जन्म १८०५, पॅरिस. घराणं नॉर्मंडीतलं, चांगलं जहागीरदारी थाटाचं. फ्रेंच क्रांतीत त्याच्या पणजोबांनी, मालझर्ब त्यांचं नाव, सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं आणि पुढे १७९४ मध्ये गिलोटिनखाली त्यांचीच मान गेली. आईवडीलही तुरुंगात होते, ही कत्तल चालवणारा क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर पडला म्हणून वाचले. म्हणजे लोकांच्या हातात सत्ता आली की काय होतं याची एक बाजू पोराने लहानपणापासून घरातच ऐकलेली. त्यात १८३० मध्ये पॅरिसमध्ये परत उलथापालथ, जुना राजा गेला, नवा आला. हा तेव्हा व्हर्सायच्या कोर्टात ज्युनियर, नव्या राजाशी इमान राखायची शपथ घ्यावी लागली, घरचे नाराज, वरचे साहेब संशयाने बघणारे. अशा वेळी माणूस काय करतो, लांबची रजा टाकतो. यानेही तेच केलं. कोर्टातलाच मित्र गुस्ताव्ह द बोमाँ याला घेतलं आणि अमेरिकेतले तुरुंग बघून रिपोर्ट देतो म्हणून सरकारकडे परवानगी मागितली. ती मिळाली, पण खर्च ज्याचा त्याने करायचा.

२ एप्रिल १८३१ ला ल हाव्रहून निघाले, ९ मे ला न्यूपोर्टला उतरले. जहाजावर बाकीचे लोक उलट्या करत असताना हे दोघं इंग्रजी घोटत होते. तुरुंग हे निमित्त होतं खरं, पण काम अजिबात ढापलं नाही. सिंग सिंग पाहिलं, ऑबर्न पाहिलं, फिलाडेल्फियाला तर प्रत्येक कैदी रात्रंदिवस एकटा कोंडलेला असायचा, तिथे तॉकव्हिल एकेका कोठडीत जाऊन कैद्यांशी बोलत बसला. (आपलं ठाण्याचं जेल जुन्या किल्ल्यात आहे, मी शंभरदा बाजूने रिक्षाने गेले असेन, आत काय आहे असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.)

आणि समजलं कसं, तर विचारून. जो भेटेल त्याला विचारायचं आणि लगेच वहीत टिपून ठेवायचं, प्रश्न आणि उत्तर, अगदी या कॉलमसारखं. बॉस्टनला एका जेवणात माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स शेजारी आले, त्यांना फ्रेंच फर्डं यायचं, मग काय, याने गुलामगिरीवरूनच विषय काढला. मिशिगनच्या जंगलात लाकडी झोपडीत राहणारा कोणी भेटला तर त्यालाही तितक्याच उत्सुकतेने विचारायचा. पुस्तकाचा पहिला भाग आला १८३५ मध्ये, दुसरा १८४० मध्ये. 'डेमॉक्रसी इन अमेरिका' म्हणतात ते हेच.

चुकाही आहेत हं, मुलीला सांगा. उदाहरणार्थ त्याला वाटायचं की एखाद्या राज्याने फुटून निघायचं ठरवलंच तर केंद्र सरकार त्याला जबरदस्तीने अडवू शकणार नाही. तो १८५९ मध्ये गेला, १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि लिंकनने अडवून दाखवलं. परीक्षेत हे लिहिलं तर मॅडम खूश होतील.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चौऱ्याऐंशी फ्लॅट, एजीएमला सतरा माणसं, समोसा ठेवला तर पंचवीस. हा माणूस लिहितो की अमेरिकेत गावोगाव लोक मीटिंगला यायचे. खरंच यायचे का हो?
— एक त्रस्त, खारघर

उत्तर : यायचे. निदान न्यू इंग्लंडमध्ये तरी, ईशान्येकडची जुनी राज्यं ती. दोन-तीन हजार वस्तीचं गाव, आमदार-बिमदार मध्ये कोणी नाही, गावकरी स्वतः जमायचे. कामं सांभाळायला थोडी माणसं निवडलेली, त्यांना सिलेक्टमन म्हणत. नवी शाळा बांधायची असेल तर ते लोकांना बोलावणार, जागा, खर्च, पैसे कुठून आणायचे सगळं मांडणार, मग गाव ठरवणार. दहा जमीनमालकांनी मागणी केली तरी सभा बोलवावीच लागायची. आपल्या कायद्यात एक पंचमांश मेंबरांनी लेखी मागितली तर स्पेशल मीटिंग घ्यावी लागते, त्याचीच चुलतबहीण म्हणा.

पण तॉकव्हिल नुसत्या नियमावर भाळला नव्हता. त्याला भावली ती सवय. तो म्हणतो, रस्त्यात काही आडवं पडलं, वाहतूक अडली, तर तिथलेच शेजारी जमतात, आपसात बोलून काम वाटून घेतात आणि मोकळे होतात, सरकारला कळवायचं वगैरे त्यांच्या डोक्यातही येत नाही.

आता आमच्या पाचपाखाडीचं ऐका. गेल्या पावसाळ्यात गल्लीत गुलमोहराची फांदी आडवी पडली, चांगली मांडीएवढी. सात बिल्डिंगांच्या ग्रुपांवर मिळून चाळीसेक फोटो आले, एका हौशी माणसाने टेरेसवरून व्हिडिओ काढला, तिघांनी 'प्लीज कोणीतरी बघा' टाकलं, खाली अंगठे आणि हात जोडलेले, कम्प्लेंट नंबर फिरला, आधीच्या कमिटीने झाडं छाटून का घेतली नाहीत यावर रात्री साडेअकरापर्यंत जुंपली. सकाळी इस्त्रीवाला आणि दूधवाला अशा दोघांनी फांदी ओढून कडेला लावली, दहा मिनिटं लागली असतील. मीही फोटो टाकणाऱ्यांतलीच, उगाच खोटं कशाला बोलू.

दारूबंदीच्या मंडळींचा किस्साही त्याने दिलाय. लाखभर लोकांनी जाहीर शपथ घेतली की कडक दारू शिवणार नाही, हे ऐकून त्याला आधी हसू आलं, की बाबांनो, नाही प्यायची तर घरी बसून पाणी प्या ना, एवढा गाजावाजा कशाला. मग लक्षात आलं की एकट्याने सोडली तर कुणाला पत्ताही लागत नाही, लाख जणांनी मिळून सोडली की शेजारच्यावर वजन पडतं. फ्रान्समध्ये हेच लाख लोक असते तर प्रत्येकाने वेगवेगळा अर्ज करून सरकारला गुत्त्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं असतं, असा टोमणा त्याने स्वतःच्याच देशाला मारलाय. आपण अर्जवाले की शपथवाले ते तुम्ही ठरवा. समोसा चालू ठेवा मात्र.

प्रश्न : 'बहुमताची जुलूमशाही' असं काहीतरी तो म्हणतो म्हणे. बहुमत म्हणजेच लोकशाही ना? मग जुलूम कसला?
— एक वाचक, वाशी

उत्तर : मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग हाच.

कायद्याने होणारा जुलूम त्याला ठाऊक होताच, पण त्याने नेम धरला तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्याचं म्हणणं असं, की राजा अंगाला इजा करायचा, मनापर्यंत त्याचा हात पोचत नसे. लोकशाहीत बहुमत तुम्हाला तुरुंगात टाकत नाही. ते म्हणतं, तू वेगळा विचार कर, तुझं घर तुझं, पैसा तुझा, मतसुद्धा तुझं, फक्त आजपासून तू आमच्यात परका.

आमच्या ओळखीतल्या एका बिल्डिंगमध्ये एक बाई भटक्या मांजरांना खायला घालायच्या. सोसायटीने मतदान घेतलं, बाई हरल्या, तरी घालत राहिल्या. कोणी भांडलं नाही, नोटीस नाही, दंड नाही, लिफ्टमध्ये सगळे गप्प उभे राहायचे एवढंच, आणि त्या जानेवारीत त्यांना मजल्यावरच्या एकाही घरातून हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. मांजरांचं खाणं मार्चमध्ये बंद झालं. तॉकव्हिलला हळदीकुंकू माहीत असतं तर त्याने यावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं, मी पैज लावते.

त्याने दिलेलं उदाहरण मात्र यापेक्षा फार काळं आहे. पेनसिल्व्हेनियात मुक्त काळ्या माणसांना कायद्याने मत होतं, पण मतदानाच्या दिवशी एकही दिसेना. त्याने तिथल्या एकाला विचारलं, असं का? तो म्हणाला, ते स्वतःहूनच येत नाहीत. तॉकव्हिल म्हणाला, अरे वा, फारच नम्र दिसतात! तेव्हा उत्तर आलं की तसं नाही, आले तर मार खातील ही भीती आहे, आणि जिथे बहुमताचीच मर्जी नाही तिथे कायद्याच्या अंमलबजावणीला बळ कुठून येणार. एवढासा संवाद, तोही त्याने तळटीपेत टाकलाय.

दुसरी बाजूही सांगते. जॅरेड स्पार्क्स नावाच्या बॉस्टनच्या विद्वानाने त्याला गावसभांची माहिती पुरवली होती, आणि नेमकं त्यालाच हे प्रकरण पटलं नाही. त्याचं म्हणणं, बहुमत काही कायमचं एका गटाचं नसतं, आज हे तर उद्या ते, मग जुलूम टिकणार कसा. कागदावर मुद्दा बरोबर आहे. पण ज्यांचं बहुमत कधीच होणार नसतं त्यांचं काय, यावर मला स्पार्क्सकडे उत्तर दिसत नाही.

प्रश्न : समता समता म्हणून एवढं कौतुक करतो, मग त्याला गुलाम दिसले नाहीत का? की आपल्याकडच्या काही विचारवंतांसारखं सोयीचं तेवढंच बघितलं?
— एक काकू, घोडबंदर रोड

उत्तर : काकू, दिसले. १८३० च्या शिरगणतीत अमेरिकेची लोकसंख्या साधारण १ कोटी २९ लाख होती, त्यातले २० लाख गुलाम. बायकांना मत नव्हतं, ते देशभर मिळालं १९२० मध्ये. त्यामुळे 'समता' म्हणजे मुख्यत्वे गोऱ्या पुरुषांची, हे तुमचं बरोबर आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी गोरे, काळे आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यावर लांबलचक प्रकरण आहे. ओहायो नदीतून जाताना तो दोन्ही काठ दाखवतो, डावीकडे केंटकी, गुलामगिरीचं राज्य, शेतं सुनसान आणि माणसं रेंगाळलेली, उजवीकडे ओहायो, तिथे गुलामगिरीला बंदी, सगळीकडे कामाचा आवाज. डावीकडे काम म्हणजे गुलामाने करायची गोष्ट, म्हणून गोऱ्याला त्याची लाज. आपल्याकडे झाडू हातात घ्यायची लाज कुणाला वाटते आणि का, ते आठवा म्हणजे वेगळं समजावायला नको.

आणि मेम्फिस. डिसेंबर १८३१, कडाक्याची थंडी, मिसिसिपीतून बर्फाचे मोठे तुकडे वाहतायत. आदल्या वर्षीच्या कायद्यानुसार चोक्टॉ जमातीला त्यांच्या जमिनीवरून उठवून नदीपलीकडे नेत होते. बरोबर आजारी माणसं, नुकती जन्मलेली बाळं, मरायला टेकलेले म्हातारे. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. कोणी रडलं नाही, ओरडलं नाही, सगळे मुकाट बोटीत चढले. त्यांची कुत्री काठावर राहिली होती. आपल्याला सोडून चाललेत हे कळल्यावर ती सगळी एकदम भेसूर रडायला लागली आणि त्या बर्फाळ पाण्यात उड्या टाकून बोटीमागे पोहू लागली. हे वाचून मी पुस्तक मिटून तलावपाळीवर एक चक्कर मारून आले.

पण तुमचा टोला दुसरीकडे अचूक बसतो. हाच माणूस पुढे फ्रान्समध्ये खासदार झाला आणि अल्जीरिया फ्रेंचांनी जिंकून ताब्यात ठेवावा याचं त्याने समर्थन केलं. परक्याच्या अंगणातलं सगळं दिसलं, स्वतःच्या घरचं आलं की नजर अधू. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानवरही त्याला पुस्तक लिहायचं होतं, टिपणंसुद्धा काढली, मग सोडून दिलं. इथे तो कधी आलाच नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. आपल्या मराठी माणसाने असं परदेशाकडे डोळे उघडून कधी बघितलंय का, की आपलं नुसतं 'तिकडे किती स्वच्छता'?
— नौपाडा

उत्तर : बाई, बघितलंय, आणि बघणारी बाईच आहे. पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी, आपल्या कल्याणच्या, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून तिथे गेल्या आणि अडीचेक वर्षं राहिल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं, सरळ मराठीत, मराठी वाचकांसाठी. तिथल्या बायकांच्या मंडळांचं त्यांनी भरभरून कौतुक केलंय आणि मूळ रहिवाशांचं गोऱ्यांनी काय केलं तेही ठणकावून सांगितलंय.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. तॉकव्हिलने जिचं कौतुक केलं ती चार लोक जमवून मंडळ काढायची सवय रमाबाईंनी नुसती पाहिली नाही, वापरली. बॉस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन उभी राहिली, गावोगाव रमाबाई सर्कल निघाली, बायका वर्गणी भरायच्या, दहा वर्षं पैसे पाठवायचं वचन दिलं. सरकारचा एक पैसा नाही. त्या जोरावर मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, ११ मार्च १८८९ ला, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी.

त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून. बोटीचं तिकीटही काढलं नाही.

ता.क. कळव्याहून एकाने पोस्टकार्डावर (हो, पोस्टकार्ड!) एवढंच विचारलंय, 'त्या दुसऱ्या मित्राचं काय झालं?' बोमाँने १८३५ मध्येच अमेरिकेतल्या वर्णभेदावर 'मारी' नावाची कादंबरी लिहिली. पुढे दोघांचं एका वर्तमानपत्राच्या भानगडीत बिनसलं, मग परत जुळलं. तॉकव्हिल कान शहरात क्षयाने अंथरुणाला खिळला तेव्हा बोमाँ तिथे जाऊन राहिला, आणि तो गेल्यावर त्याचे सगळे कागद लावून छापायला काढले तेही यानेच.