न्यूज साईटवर नाव न सांगता कमेंट करू द्यावी का?

माझं स्पष्ट मत: करू द्यावी, पण कोणीतरी वाचल्याशिवाय एकही कमेंट साईटवर दिसू नये. मी काही काळ एका न्यूज साईटसाठी कमेंट्स तपासायचं काम केलंय, त्यामुळे जरा ठासून लिहितेय.

खऱ्या नावाची सक्ती केली की लोक आपोआप नीट बोलतील असं खूप जणांना वाटतं. दक्षिण कोरियाने हे करून बघितलंय. २००७ पासून तिथे मोठ्या साईट्सवर कमेंट टाकायची तर आधी ओळख पटवून द्यावी लागायची. झालं काय, शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नाही आणि साईट्सकडे लोकांच्या खाजगी माहितीचा ढीग साचला, आणि २०११ मध्ये तिथल्या नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या साईट्स हॅक होऊन साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास! शेवटी २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा नियम एकमताने रद्द केला.

नावाने काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ह्यूस्टन विद्यापीठातल्या एका संशोधकाने अमेरिकन वर्तमानपत्रांच्या साईटवरच्या, स्थलांतरितांबद्दलच्या बातम्यांखालच्या कमेंट्स तपासल्या होत्या, त्यात निनावी कमेंट्सपैकी सुमारे ५३ टक्के असभ्य निघाल्या आणि नाव असलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के. फरक मोठाच आहे. पण नाव-गाव सगळं देऊनही शंभरातल्या एकोणतीस कमेंट्स घाणच असतील तर त्या कोणाला तरी वाचून काढाव्याच लागणार ना? आणि नाव द्यावं लागतं म्हणून जे गप्प बसले ते तर या हिशोबात कुठेच येत नाहीत.

त्या गप्प बसणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. एकदा एका कारखान्यातल्या अपघाताची बातमी होती, कामगाराचा हात मशीनमध्ये गेला होता. खाली नेहमीचंच, कामगार दारू पिऊन येतात, युनियनवाले माजलेत वगैरे, आणि त्या गर्दीत एका टोपणनावाने दोनच ओळी आल्या, की त्या मशीनचं सेफ्टी गार्ड काढूनच ठेवलेलं असतं कारण गार्ड लावलं की काम स्लो होतं, आणि हे सुपरवायझरला माहितीये. असं लिहिणारा माणूस बहुतेक आतलाच असणार, त्याला खरं नाव मागितलं असतं तर त्याने ते लिहिलंच नसतं, दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. आम्ही ती कमेंट लगेच छापली नाही, कारण आरोप गंभीर होता आणि खरं-खोटं माहीत नव्हतं. बातमीदाराकडे दिली, त्याने चौकशी केली आणि पुढची बातमी त्यातून झाली. हे जमलं कारण ती ओळ कोणीतरी वाचली. आपोआप छापली गेली असती तर शिव्यांच्या खाली गडप झाली असती.

आणि न वाचता सगळं छापण्याची किंमत कोण मोजतं तेही बघा. ब्रिटनच्या गार्डियन वर्तमानपत्राने २०१६ मध्ये स्वतःच्या साईटवरच्या ७ कोटी कमेंट्स तपासल्या, ज्यांच्या लेखांखाली सगळ्यात जास्त अपमानास्पद कमेंट्स आल्या त्या दहा लेखकांमध्ये आठ बायका आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. सगळ्यात कमी त्रास झालेले दहाच्या दहा पुरुष. मी स्वतः रोज जे डिलीट करायचे ते इथे लिहवत नाही.

"आम्ही फक्त जागा देतो, लिहिणारे लोक वेगळे" हे साईटवाल्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. कमेंट्समुळे लोक साईटवर रेंगाळतात, जाहिराती बघतात, त्याचे पैसे तुम्हालाच मिळतात. एस्टोनियाच्या डेल्फी पोर्टलने हाच बचाव केला होता, एका फेरी कंपनीवरच्या बातमीखाली धमक्या-शिव्यांच्या वीसेक कमेंट्स होत्या, आणि २०१५ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने पोर्टललाच जबाबदार धरणारा निकाल कायम ठेवला. भरपाई फक्त ३२० युरोची होती, पण संदेश सगळ्यांना पोचला.

मग करायचं काय, तर टोपणनाव चालेल पण एका माणसाचं एकच आणि कायमचं, म्हणजे त्या नावालाही पत राहते. ईमेल तपासून घ्या, त्यापलीकडे काहीही साठवू नका, जे तुमच्याकडे नाहीच ते चोरीला जात नाही. सगळ्या बातम्यांखाली कमेंट उघडी ठेवायची गरजच नाही, न्यूयॉर्क टाइम्ससुद्धा निवडक बातम्यांवरच ठेवतो. नॉर्वेच्या एनआरकेबीटा या टेक साईटने २०१७ मध्ये कमेंटआधी बातमीवरच तीन सोपे प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, ती आयडिया मला फार आवडते, कारण नुसती हेडलाईन बघून भडकणारे तिथेच अडकतात.

आणि वाचायला माणूस ठेवणं परवडतच नसेल तर सरळ कमेंट्स बंद करा, रॉयटर्सने २०१४ मध्ये बातम्यांखालच्या बंद केल्याच की. फक्त बातमीदाराचा ईमेल प्रत्येक बातमीखाली द्या, म्हणजे त्या कारखान्यातल्या माणसासारख्याला लिहायला जागा राहील.