आयुष्याचा अदमास बांधताना

चि. …,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन कॅल्क्युलेटरने तुला 71 वर्षांचं आयुष्य दिलं म्हणून हिरमुसू नकोस. भारतातलं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान साधारण 70 आहे, पण त्या सरासरीत तान्हेपणी दगावलेली मुलंही धरलेली असतात. तू तो टप्पा कधीच ओलांडलास. साठी गाठलेल्याला आपल्याकडे सरासरी आणखी 18 वर्षं मिळतात. तेव्हा एसआरएसच्या, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीच्या, जीवन तक्त्यात तुझ्या वयाची ओळ काढ, 'उरलेली वर्षं' बघ आणि त्यात आजचं वय मिळव.

पुढच्या अधिक-उण्यात बरेच जण फसतात. व्यायामाची इतकी, वजनाची इतकी, रक्तदाबाची इतकी अशी वर्षं मिळवत गेलं की शंभरी सहज निघते. पण चालण्यानेच वजन आणि दाब उतरतात. म्हणजे एकच फायदा तीनदा मोजला.

धूम्रपानाचा हिशेब मात्र पक्का आहे. ब्रिटिश डॉक्टरांची 1951 पासून 50 वर्षं पाहणी झाली. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांची सुमारे 10 वर्षं गेली. तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास सगळी वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा. 'बिडी हलकी' हे ऐकून घेऊ नकोस. गुटखा, मिश्रीही त्याच खात्यात.

तुझ्या तरुण वयाला हृदयविकारापेक्षा रस्त्यावरचा अपघात जवळचा. नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांतली नाइट शिफ्ट करून पेंगत मुंबई-आग्रा रोडने बाइकवर येणं आणि हेल्मेट आरशाला टांगलेलं, याबद्दल कॅल्क्युलेटर सहसा विचारतच नाही.

आता मोजमाप, कारण चुकीच्या आकड्यावर बांधलेला अंदाज फुकट. रक्तदाबाआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन ये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. दंड छातीच्या पातळीवर हवा. हात लोंबकळत ठेवला की आकडा फुगतो. यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा (कफ) लहान असला तरी तेच. मिनिटाच्या अंतराने दोनदा घे, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. 135/85 किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कंबर पँटच्या पट्ट्याशी मोजू नकोस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. आपल्याकडच्या पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80 ही हद्द.

रविवारची मिसळ सोड असं नाशिककराला कोण सांगणार! पण दिवसाचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. फरसाण, पापड आणि दोनदा मागितलेला रस्सा त्यातलं बरंच खाऊन टाकतात. चालणं आठवड्याला 150 मिनिटं: गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढ्या वेगाने. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पांडवलेणीच्या पायऱ्या पायांना पुरतात, हातांना नाही.

आणि निवृत्तीच्या पैशांचा हिशेब 60 अधिक 18 म्हणून 78 ला थांबवू नकोस. सरासरीच्या पुढे जवळपास निम्मे जातातच. 90 धरून मांड.