चुकलेला जायंट कसा दिसतो?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. चार वर्षं जिम्नॅस्टिक्स करते. इंदिरानगरहून गंगापूर रोडला क्लासला ने-आण मीच करते. गेल्या दोन महिन्यांत तिला वरच्या बारवर जायंट यायला लागलाय. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. मागच्या वर्षी दोन दशांशांनी तिसरा नंबर हुकला, त्यामुळे तिच्या बाबांचं म्हणणं, या वेळी जायंट घालायचाच. सर नुसतं ‘बघू’ म्हणतात. ती स्वतः एक दिवस हो म्हणते, एक दिवस गप्प बसते. ताई, ठरवायचं कसं? — एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सरांचं ‘बघू’ वाचून मला बरं वाटलं. घाईचा सर लगेच ‘हो’ म्हणाला असता.

इतर वाचकांसाठी सांगते. जायंट म्हणजे वरचा बार धरून, अंग ताठ ठेवून घेतलेला पूर्ण फेरा, हँडस्टँडपासून हँडस्टँडपर्यंत. वरचा बार जमिनीपासून अडीच मीटरवर असतो, खालचा 1.70 मीटरवर. बघायला इतका देखणा, की पालक लगेच मोबाइल काढतात.

आता बाबांचा हिशोब. आंतरराष्ट्रीय नियमावलीत साधा जायंट हे सोप्या गटातलं कौशल्य आहे, किंमत फार तर एक-दोन दशांश. बारवरून पडलं की पूर्ण एक गुण जातो. फेरा पुरा न होता मधेच रिकामा झोका घ्यावा लागला, तर अर्धा. म्हणजे दहा-वीस पैसे मिळवायला रुपया लावायचा. तुमच्या वयोगटाचं पत्रक वेगळं असू शकतं, ते सरांकडून मागून घ्या. आणि मागच्या वर्षीचा व्हिडिओ असेल तर तो थांबवत थांबवत बघा. किपमध्ये, म्हणजे बारखालून झोका घेऊन बारवर येताना, पाय सुटतात का? कास्ट, म्हणजे बारवर हात टेकून पाय मागे वर फेकणं, कुठपर्यंत जातो? गुडघे? हरवलेले दोन दशांश बहुतेक तिथेच सापडतील, आणि ते परत मिळवायला जायंट लागत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न गुणांचा नाही. जायंट ‘आला’ हे सगळे सांगतात. तो चुकतो तेव्हा काय होतं, हे मी विचारते. फेऱ्याला जोर कमी पडला तर मूल बारच्या वर पोचत नाही, आल्या वाटेनेच परत खाली येतं. मग झोका मागे वर जातो आणि तिथे बोटांची पकड उघडायला लागते. ज्या मुलीला हे माहीत असतं ती झोका मारते, मागे गेल्यावर मनगटं पटकन बारवर पुन्हा बसवते आणि शांत लटकते. जिला माहीत नसतं ती हात सुटून पोटावर किंवा हातांवर येते. स्ट्रॅप बारवर, हात पट्ट्यांत बांधून, शंभर जायंट झाले तरी हे कळत नाही. पट्टा तिला सुटूच देत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी शिकायची, बारा वर्षांची, मांजरासारखी चपळ. आमच्या बारवर दहातले आठ जायंट व्हायचे. मी म्हटलं, घाल. स्पर्धेतला बार आमच्यापेक्षा जास्त लवचिक, सरावाला मिळाला एक फेरा. वरच्या बारवरची किप झाली तेव्हाच तिचे खांदे बारपासून खाली राहिलेले मला दिसले. तरी ती गेली, कारण ठरलं होतं. वर पोचली नाही, परत आली, मागच्या झोक्यात सुटली. हाड मोडलं नाही, नशीब. पडल्यावर पुन्हा चढायला तीस सेकंद असतात. ती तीस सेकंद मॅग्नेशियमच्या (हात कोरडे ठेवायच्या पांढऱ्या पावडरीच्या) डब्यात हात घालून तशीच उभी राहिली. आठाचे दहा झाले नव्हते आणि उरलेले दोन कसे होते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. चूक तिची नव्हती.

तेव्हापासून माझा नियम : क्लासच्या शेवटी, हात दमलेले असताना, पूर्ण रुटीन, म्हणजे स्पर्धेत करायची सगळी मालिका सलग. सर बारजवळ उभे, पण सपोर्टला हात लावायचा नाही. दोन आठवड्यांत अशी दहा रुटीनं. नऊ वेळा जायंट वरून गेला पाहिजे, आणि जो गेला नाही त्यातून तिने स्वतःला सांभाळून खाली आणलं पाहिजे. सुटा, म्हणजे एकटाच केलेला, जायंट मोजायचा नाही. सुट्याला ताजे हात असतात; रुटीनमध्ये तो दोन किपनंतर येतो. अर्थात ‘चुकणं’ आधी शिकवावं लागतं, मऊ मॅटवर, सर हाताशी असताना. ते झालंय का, एवढं एकच सरांना विचारा.

आणखी एक. या वयात मुली भराभर वाढतात. जूनपासून तीन-चार सेंटिमीटर वाढली असेल, तर झोक्याची वेळ बदलते, खाली येताना पाय खालच्या बारच्या जवळून जातात. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण असेलच. ती बघा.

बाबा कदाचित दीपा कर्माकरचं नाव काढतील, सगळेच काढतात. 2016 साली रिओ ऑलिम्पिकला प्रोदुनोवा हा अवघड व्हॉल्ट मारून ती चौथी आली, कांस्य फक्त 0.15ने हुकलं. खरं आहे. पण तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तुमची अकराची आहे.

तिच्या गप्प बसण्याबद्दल : समोर बसवून विचारू नका. स्कूटरवर मागे बसलेली असताना, मुंबई नाक्याच्या गर्दीत, सहज विचारा, ‘आज कितवा चुकला?’ सांगितलं, हसली, तर ठीक. ‘माहीत नाही’ म्हणाली तर अजून वेळ आहे.

स्पर्धेला दोन रुटीनं तयार ठेवायला सांगा, एक जायंटचं, एक बिनजायंटचं. दोन्ही सारखी घोटलेली. कोणतं करायचं ते सरावाच्या फेऱ्यानंतर ती आणि सर ठरवतील. तुम्ही आणि बाबा तेव्हा प्रेक्षकांत, तोंडात शेंगदाणे.

हो, आणि तिच्या ग्रिप्स, म्हणजे हाताला बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या, बघून घ्या. मागच्या वर्षीच्याच असतील तर हात वाढलाय आणि चामडं ताणलंय. नव्या घ्यायच्या असतील तर आजच. नवी ग्रिप हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.